चुन्याची लाईन जागेवरच होती

पोंभुर्ण्याच्या मैदानावर आमचे तीन ड्रोन पाण्याच्या टाकीवर आदळले, ते सुखदेवभाऊ शेंडे यांच्या चुकीमुळे नाही. चूक माझी होती. त्या संध्याकाळी मी वॉकीटॉकीवर, वीस-बावीस माणसं ऐकत असताना, दोष त्यांच्या माथी मारला. दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्येही तेच लिहिलं. पुढे अकरा महिने गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाची बाजू घ्यायची याचा गोंधळ होणार नाही.

मी ड्रोन लाइट शो करणाऱ्या एका कंपनीत फ्लाइट लीड आहे. अंधाऱ्या आकाशात शेकडो दिव्यांनी काढलेला मोर किंवा किल्ला तुम्ही पाहिला असेल. त्यातला एकेक दिवा म्हणजे एक छोटा ड्रोन. बघणाऱ्यांना वाटतं, खाली तितकीच माणसं रिमोट धरून बसली असतील. तसं काही नसतं. एक कॉम्प्युटर, एक लीड, दोन सहायक आणि मैदानावर धावपळ करणारी आठ-दहा माणसं, एवढीच आमची फौज. कुठल्या सेकंदाला कुठे जायचं आणि कोणता रंग लावायचा, हे प्रत्येक ड्रोनच्या पोटात आधीच भरलेलं असतं. माझं काम सगळं तपासून एक बटण दाबणं. काही बिघडलं तर दुसरं बटण दाबणं.

खरी मेहनत जमिनीवर असते. ड्रोन मैदानावर ओळीने मांडावे लागतात. त्या मांडणीला आम्ही ग्रिड म्हणतो. पोंभुर्ण्याला दीडशे ड्रोन होते. पंधरा रांगा, एका रांगेत दहा, दोन ड्रोनमध्ये दोन मीटर. हे सगळं चुन्याने आखायचं आणि प्रत्येक ड्रोन आपापल्या खुणेवर ठेवायचा.

दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे बेस स्टेशन. तीन पायांच्या स्टँडवर बसवलेला, उपड्या वाडग्यासारखा दिसणारा पांढरा अँटेना. तुमच्या मोबाईलमधलं जीपीएस चार-पाच मीटर इकडे-तिकडे दाखवतं. मोबाईलला ते चालतं. ड्रोनला चालत नाही, कारण दोन मीटरवर त्याचा शेजारी असतो. म्हणून मैदानाच्या कडेला एका जागी बेस स्टेशन उभं करतात आणि त्याला त्याची जागा नेमकी सांगून ठेवतात. उपग्रह सांगतात त्यात किती फरक आहे हे ते ओळखतं आणि प्रत्येक ड्रोनला रेडिओवरून कळवत राहतं. मग फरक दोन-तीन सेंटिमीटरवर येतो. अट एकच. एकदा ठेवलं की हलवायचं नाही. हलवलं तर नव्या जागेचा सर्व्हे पुन्हा लावायचा. त्याला चाळीस मिनिटं लागतात.

ही अट मला ड्रोनवाल्यांनी शिकवलेली नाही. या कामात येण्यापूर्वी सोळा वर्षं मी घुग्घुसकडे एका कोळसा खाणीत सर्व्हेअर होतो. ज्या खुंटीवरून सगळी मापं निघतात ती खुंटी हलली तर पुढचं सगळं खोटं. एका ज्युनियरने एकदा डंपरला वाट द्यायला अशी खुंटी उपटून बाजूला रोवली होती. त्याला मी सगळ्या ऑफिससमोर इतकं बोललो होतो की तो दोन दिवस डबा खायला आमच्यात बसला नाही. सांगायचं एवढंच, की माझी चूक नवख्याची नव्हती.

आता सुखदेवभाऊ. वडश्याजवळच्या खेड्यातला हा माणूस. हिवाळ्यात आमच्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असतो. धान निघालं की मोकळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मंडप पडतात आणि गावोगाव नाटकं होतात. त्या मंडपांची आणि स्टेजची आखणी करण्यात सुखदेवभाऊंची तीस वर्षं गेली. उरलेल्या दिवसांत कबड्डीची मैदानं. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने बारीक, खांद्यावर दोरीचं भेंडोळं. दोरीला दर मीटरवर गाठ आणि दर पाचव्या गाठीला लाल चिंधी. तीन, चार आणि पाच गाठींचा त्रिकोण ताणून ते काटकोन काढायचे. मंडपवाले एकमेकांना सांगायचे, "लाईन सुखदेवची हाय ना? मग टेप कायले काढता?" आमच्या त्या शोला मंडप कंत्राटदाराने त्यांना आणलं होतं.

शोच्या आदल्या दिवशी त्यांनी ग्रिड आखलं. मैदानाच्या कोपऱ्यात झेंड्याचा खांब होता. त्याच्या पायथ्याशी खुंटी ठोकून तिथून सगळं मोजलं. मी मागून लेझर घेऊन गेलो. सर्वांत लांबच्या कोपऱ्यात फरक निघाला दोन सेंटिमीटर. सोळा वर्षं मोजमाप केलेला मी माणूस. मनातून हात जोडले. तोंडाने म्हटलं, "ठीक आहे."

"साहेब, वरते काय दाखवणार हा तुमी?" सुखदेवभाऊंनी विचारलं.

"वाघ."

त्यांच्यासोबतची माणसं हसायला लागली. एकजण म्हणाला, "वाघ? पोंभुर्ण्याच्या लोकायले? त्याईले तं मोहा वेचाले गेलं का दिसते जी. हत्ती दाखवा."

"हत्तीचं नाव नोको घेऊ बाप्पा," दुसरा म्हणाला. "तेही गडचिरोलीपर्यंत येऊन बसले."

"हा वाघ बरा हाय," सुखदेवभाऊ म्हणाले. "लायनीत चालते."

त्या संध्याकाळी रिहर्सल झाली. वाघ लायनीत चालला. एकही ड्रोन चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला महोत्सव समितीचे सचिव मोहुर्ले सर आले. निवृत्त हेडमास्तर, शिस्तीचे. त्यांच्यामागे सोफे भरलेला टेम्पो.

"पाहुणे इथे बसतील," ते म्हणाले. "हे तीन पायांचं काय आहे?"

"बेस स्टेशन, सर. ते हलवता येत नाही."

"अहो, फोटोत बरोबर मधोमध येतं ते. पाहुण्यांच्या डोक्यातून काहीतरी उगवलंय असं दिसेल. थोडं तिकडे घ्या की."

मी उचललं. दुसऱ्या कोणी नाही, मी. दोन्ही हातांनी स्टँड उचलून पूर्वेकडे सरळ बारा पावलं चाललो आणि मंडपाच्या खांबापाशी ठेवलं. ठेवताना मनात म्हटलंही, सर्व्हे पुन्हा लावायचा. तेवढ्यात पोलीस स्टेशनमधून शोच्या वेळेबद्दल फोन आला. तो संपतो तोच चार्जिंगच्या व्हॅनमधला एक बोर्ड बंद पडला. अर्धा तास त्यात गेला. कॉम्प्युटरपाशी परत आलो तेव्हा स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात एक पिवळी ओळ आली होती. बेस स्टेशनची जागा तपासा. मी ओके दाबलं. या पिवळ्या ओळी दिवसातून वीस वेळा येतात. वाचायच्या असतात, पण हात सवयीने दाबून मोकळा होतो.

साडेचारला ड्रोन मांडून चालू केले. स्क्रीनवर दीडशेच्या दीडशे लाल. प्रत्येक ड्रोन त्याच्या ठरलेल्या जागेपासून नऊ मीटर पश्चिमेला दिसत होता.

इथे थांबायला हवं होतं. दीडशे ड्रोन एकाच दिशेला, एकाच मापाने चुकलेले दिसत असतील तर ज्याच्यावरून ते मोजतायत तेच हललेलं असतं. बेस स्टेशन मी नऊ मीटर पूर्वेला नेलं होतं आणि ते बिचारं अजून जुन्याच जागी आहोत असं समजत होतं. म्हणून ड्रोन त्याला तितकेच पश्चिमेला दिसत होते. खाणीतल्या पहिल्या वर्षाच्या ट्रेनीनेही हे सांगितलं असतं. पण मला अडीच तासांवर शो दिसत होता, आणि मैदानावर एक दोरीवाला माणूस दिसत होता. मी वॉकीटॉकीचा सेट उचलला.

"सुखदेवभाऊ, ग्रिड चुकलंय. सगळं नऊ मीटर पूर्वेला सरकवा."

सेटला त्यांची माणसं डबा म्हणत. डब्यातून खरखर झाली. मग त्यांचा आवाज. "काऊन जी?"

"स्क्रीनवर चुकीचं दिसतंय."

"साहेब, खुंटी जाग्यावर हाय. चुन्याची लाईन जाग्यावर हाय. काल याच लायनीवरून उडाले ना? रातच्याले मैदान सरकलं का?"

"स्क्रीन सेंटिमीटरमध्ये सांगते, भाऊ. तुमची दोरी ताणली असेल."

"दोरी ताणन तं चार बोटं ताणन. नऊ मीटर कशी ताणन जी? तुमी इथी येऊन पाहून जा एक डाव."

माझ्या टेबलापासून ग्रिड साठ पावलांवर होतं. मी गेलो नाही.

"वेळ नाही. सरकवा."

मग, "सरकवतो." एवढंच.

त्यांनी सरकवलं. दीडशे ड्रोन उचलून, नव्या खुणा आखून, पुन्हा मांडायला पन्नास मिनिटं लागली. सर्व्हे चाळीस मिनिटांत झाला असता. स्क्रीनवर सगळे ठिपके हिरवे झाले आणि मला बरं वाटलं.

पूर्वेला मैदानाच्या भिंतीपलीकडे पाण्याची उंच टाकी होती. शो डिझाइन करताना आम्ही टाकीपासून दहा मीटर मोकळे ठेवले होते. आता सगळा शोच नऊ मीटर तिकडे सरकला होता. उरला एक मीटर, आणि हे खाली कोणालाच ठाऊक नव्हतं.

सातला बटण दाबलं. दीडशे दिवे वर गेले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. पहिली तीन चित्रं नीट झाली. चौथा वाघ. वाघ मान वळवतो, दोन पावलं टाकतो आणि शेपटी झटकतो. शेपटी हा शोमधला सर्वांत खालचा भाग. ती टाकीच्या बाजूला होती. थोडा वारा आला. शेपटी झटकली आणि तिच्या टोकाचे तीन दिवे विझले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, तेही शोमध्येच आहे.

मला स्क्रीनवर तीन ठिपके लाल झालेले दिसले होते. दोन ड्रोन टाकीच्या कठड्यावर आदळले होते, एक वीजरोधकाच्या सळईवर. तिन्ही खाली टाकीच्या आवारात पडले. आवाराला कुलूप होतं आणि तिथे कोणी जाऊ नये ही आमचीच सूचना होती, म्हणून कोणाला लागलं नाही. उरलेले एकशे सत्तेचाळीस मी शो थांबवून खाली उतरवले. ते काम मी व्यवस्थित केलं. सांगायला हरकत नाही, कारण त्या दिवशी व्यवस्थित केलेलं तेवढंच.

मोहुर्ले सर धावत आले. "काय झालं? शेवटची दोन चित्रं कुठं गेली? चूक कोणाची?"

माझ्या हातात सेट होता. टीमला सूचना द्यायची म्हणून बटण दाबलेलंच होतं. मंडपवाल्यांकडे सेट होते, साउंडवाल्याकडे होता, गेटवरच्या स्वयंसेवकांकडे होते. मी म्हणालो, "मार्किंगची चूक आहे सर. लोकल माणसांनी ग्रिड मुळातच नऊ मीटर चुकीचं आखलं होतं. आम्ही पकडलं, पण सरकवताना तिरकं बसवलं. सुखदेव शेंडे म्हणून आहेत, त्यांची जबाबदारी होती."

सेटमध्ये खर्र झालं. कोणीतरी पलीकडून बटण दाबलं होतं. शब्द आला नाही. बटण सुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवर लॉग उघडले. ड्रोनने काय केलं, कोणी कोणतं बटण कधी दाबलं, हे सगळं लॉगमध्ये लिहिलेलं असतं. चहा निवायच्या आत सापडलं. बेस स्टेशनला सांगितलेली जागा आणि त्याची खरी जागा यांत नऊ मीटरचा फरक. माझं पाऊल पाऊण मीटरचं आहे, खाणीत मोजलेलं. बारा पावलं. त्याखाली ती पिवळी इशारा-ओळ, आणि ओके दाबणाऱ्याच्या रकान्यात माझं लॉगिन.

पुण्याहून अदिती मॅडमचा फोन आला. कंपनी त्यांनी उभी केली. माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण कामात सगळ्यांचे कान धरणारी बाई.

"दिलीपदादा, लॉग बघितलेत?"

"बघतोय."

"काय वाटतंय?"

"ग्राउंड मार्किंगच."

"नक्की ना? मग त्या माणसाला पुन्हा घ्यायला नको. लिहून पाठवा."

मी लिहून पाठवलं. चार ओळींचा रिपोर्ट. त्या चार ओळी मला अजून पाठ आहेत.

पुढचे अकरा महिने मी शो करत राहिलो आणि एकही बिघडला नाही. माझा हात चांगला आहे, हे मी नम्रतेखाली लपवत नाही. पण प्रत्येक मैदानावर स्टँडचे तीन पाय जमिनीत दाबताना डब्यातली ती खरखर ऐकू यायची. कोणाला तरी सांगून टाकावं असं वाटायचं. मग वाटायचं, आता विसरले असतील सगळे. विसरलो नव्हतो तो मीच, असं मी स्वतःला सांगत होतो. तेही खोटं निघालं.

गेल्या हिवाळ्यात वडश्यात शो ठरला. नाटकांच्या हंगामातला. पाहणीला गेलो तेव्हा मंडप कंत्राटदार भय्याजींना विचारलं, "ग्रिड आखायला कोण आहे?"

"आखणारे चार भेटतील. सुखदेवसारखा नाई भेटत."

"मग सुखदेवभाऊ?"

"तो लाईन नाई टाकत आता." भय्याजींनी तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा बाजूला थुंकला. "पोंभुर्ण्याचं तुमाले माहीतच हाय. तेव्हापासून पोट्टे तं पोट्टे, मोठेही त्याले चिडवते. कबड्डीचं मैदान टाकाले गेला का म्हणते, सुखदेव, टाकी कुठी हाय ते पाहून घेतलं का? वाघ पाणी प्याले आलता म्हणते. पहिले हसे तोही. मंग एक दिवस चुन्याचा डबा ठेवून देला."

बाजारामागे एका नाटकाचा मंडप पडत होता. दुपारचे दोन वाजले असतील. सुखदेवभाऊ तिथेच होते. चुन्याचा डबा त्यांच्या मेहुण्याच्या हातात होता. दोरीचं दुसरं टोक धरून ते उकिडवे बसले होते. मेहुणा वाकडा चालला की नुसती दोरी किंचित ओढायचे. तोंडाने काही सांगत नव्हते. त्यांच्यामागून एकजण टेप घेऊन प्रत्येक माप तपासत होता.

"नमस्कार, भाऊ."

त्यांनी वर पाहिलं. ओळखलं. "या जी. चहा घेता?"

त्या चहाने मला जास्त लाज वाटली. मी तिथेच मातीत बसलो आणि सांगितलं. बेस स्टेशन काय असतं, ते मी कसं उचललं, बारा पावलं, पिवळी ओळ, लॉग, रिपोर्ट. काही वगळलं नाही. ते ऐकत होते. दोरी हातातून सोडली नाही.

"म्हणजे तुमाले दुसऱ्या दिवशीच समजलं होतं."

"हो."

"मले तं तवाच समजलं होतं. काय हाललं ते नोतं समजलं. पण माही लाईन नाई हालली, येवढं पक्कं होतं."

"माझं चुकलं, भाऊ."

त्यांनी टेपवाल्याकडे मान केली. "तो दिसते ना? तीस वर्षं माह्या मांगून कोणी टेप घेऊन नाई आलं. आता येते. लाईन टाकाले हात नाई थरथरत जी. पण मांगून टेप चालते, तो आवाज आयकू येते."

मी म्हटलं, "मी काय करू?"

"मले इथी मातीत बसून काय सांगता? मी तं तुमच्याहून पहिले जाणत होतो." ते शांतपणे म्हणाले. "तुमी डब्यात बोलले होते. सगळ्याईनं आयकलं. डब्यातच सांगा."

संध्याकाळी अदिती मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं.

"अकरा महिने?"

"हो."

"ड्रोन पडले त्याचं मला काही नाही, दादा. ड्रोन पडतात. तुम्ही मला चुकीचा रिपोर्ट दिलात आणि मी त्यावर एका माणसाचं नाव खोडलं. आता मी काय करू सांगा."

"रिपोर्ट दुरुस्त करून आज पाठवतो. सुखदेवभाऊंचं नाव परत यादीत घ्या. माझ्याबद्दल तुम्ही ठरवा."

"वडश्याला लीड मयूर करेल. तुम्ही बेस स्टेशन सांभाळायचं. शो संपेपर्यंत तिथून उठायचं नाही."

मयूर माझ्याच हाताखाली शिकलेला. शिक्षा योग्य होती. सर्व्हेअरला त्याच्या खुंटीपाशी नेऊन बसवलं, एवढंच.

शोच्या दिवशी मी सकाळी आठला मैदानावर पोचलो. स्टँड रोवला, सर्व्हे लावला, प्लास्टिकची खुर्ची घेऊन शेजारी बसलो. साडेनऊला भय्याजींच्या टेम्पोतून सुखदेवभाऊ उतरले. खांद्यावर दोरी, पण चुन्याचा डबा मेहुण्याकडेच. ते माझ्यापाशी आले. स्टँडभोवती एक चक्कर मारली. मेहुण्याच्या हातातून डबा घेतला, स्टँडच्या तिन्ही पायांभोवती चुन्याची एकेक गोल रेघ ओढली आणि डबा परत दिला.

"हे कायले?" मेहुण्याने विचारलं.

"साहेबाच्या वाघाचे पाय बांधले," ते म्हणाले. "हालला तं मले दुरून दिसन."

आता आमच्या प्रत्येक शोला स्टँडच्या पायांभोवती चुन्याचं गोल असतं. महागड्या सॉफ्टवेअरची पिवळी ओळ मी ओके दाबून घालवू शकलो. चुन्याचं गोल घालवायला वाकावं लागतं, आणि वाकताना माणूस विचार करतो. या सगळ्या प्रकरणातून धंद्याला काय मिळालं असं कोणी विचारलं तर एवढंच.

दहाला ब्रीफिंग होतं. शोच्या आधी सगळ्यांना आपापलं काम सेटवरून सांगतात, त्याला ब्रीफिंग म्हणतात. मयूरने वारा, वेळ, बंद रस्ते वगैरे सांगून झाल्यावर म्हटलं, "बेस स्टेशनवरून दिलीपसरांना बोलायचंय." मैदानावर भय्याजींची माणसं बांबू घेऊन उभी होती. त्यांतले निम्मे पोंभुर्ण्याला होते. साउंडवालाही तोच होता. ग्रिडच्या जागेपाशी, दोरी अजून गुंडाळलेलीच असताना, सुखदेवभाऊ पाठ करून उभे होते. त्यांच्या कमरेला सेट होता. मी बटण दाबलं.

"सगळ्यांनी ऐका. मी दिलीप, बेस स्टेशनवरून. मागच्या वर्षी पोंभुर्ण्याला वाघाची शेपटी टाकीवर आदळली. मी याच सेटवरून सांगितलं होतं की सुखदेव शेंडे यांचं मार्किंग चुकलं. ते खोटं होतं. त्यांचं मार्किंग दोन सेंटिमीटरच्या आत बरोबर होतं, मी स्वतः मोजलं होतं. बेस स्टेशन मी माझ्या हाताने हलवलं आणि विसरलो. ते मला सांगत होते, येऊन पाहा. साठ पावलं होती, मी गेलो नाही. मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं होतं आणि तरी मी त्यांचंच नाव लिहिलं. ज्यांनी त्यांना टाकीवरून चिडवलं त्यांनी यापुढे मला चिडवावं, मी आज दिवसभर याच खुर्चीवर आहे. आज ग्रिड ते आखतील अशी माझी विनंती आहे. त्यांच्यामागून टेप नेऊ नका. मोजायचंच असेल तर माझं बेस स्टेशन मोजा. सुखदेवभाऊ, मी तुमचं नाव खराब केलं. माझं चुकलं. मला माफ करा."

बटण सोडलं. मग सेटमध्ये खर्र झालं, पोंभुर्ण्याला झालं होतं तसंच. या वेळी पाठोपाठ आवाज आला.

"आयकू आलं जी. मेव्हण्या, आण तो चुन्याचा डबा इकडे."